सॉस होईपर्यंत

दुकानाचं माप घ्यायला माणूस आला तेव्हा ताई एका जुन्या शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसली होती. माणसाच्या हातात टेप, कानावर पेन्सिल. नमस्कार नाही, ओळख नाही, आला तो सरळ दारापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप ओढायला लागला. ताईच्या स्टुलापाशी टेप अडली तेव्हा म्हणाला, "जरा पाय वर घेता का?"

आणि ताईनं घेतले की हो पाय वर! स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या स्टुलावर!

"कसलं माप?" तिनं मग विचारलं.

"इथे मोबाइलचं दुकान होतंय ना. तुमच्या भावानं पाठवलंय. ते बोलले असतीलच तुम्हाला."

"बोललाय," ताई म्हणाली. बोललाय कसलं डोंबल! तिला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. पण घरातलं उणंदुणं परक्यासमोर काढायचं नाही ही तिची जुनी खोड. म्हणून ती गप्प बसली. नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण भिंतीपाशी टेप सुटायला लागली तेव्हा तिनं उठून तिचं दुसरं टोकही धरलं. माणूस "थँक्यू ताई" म्हणून निघून गेला आणि ताई तेलकट हात तसेच धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

दुकान तसं अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. शिलाई मशीन दुरुस्तीचं. अप्पांचे हात थरथरायला लागले, स्क्रूवर पेचकस टेकेनासा झाला, तेव्हापासून काम सगळं ताईचं. अप्पा आपले दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणार. वर दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर, तिथे बापलेक राहत. आसपासच्या सगळ्या शिंपिणी, बॅगा शिवणारे, पडदेवाले तिला मशीनवाली ताई म्हणून ओळखत आणि जरा टरकूनच असत. कारण मशीनचे हाल केलेले तिला खपत नसे. एका बाईनं मशीनमध्ये खायचं तेल घातलं होतं, तर ताई म्हणाली, "आता हिच्याकडून शिवण नका मागू, फोडणी मागा!" अशी ही बाई. पण जिना चढून वर गेली की हिचं काय व्हायचं कोण जाणे. दुकानात वाघीण आणि वर गरीब गाय.

वर म्हणजे विशेषतः त्या रविवारी. महिन्यातला एक रविवार घरातल्या सगळ्यांनी दुपारी एकत्र जेवायचं, आणि जेवायला अख्खी भाजलेली कोंबडी. ही पद्धत आईनं पाडलेली. आई लग्नाआधी एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होती, तिथे ती ही कोंबडी शिकली. पुढे संसारात पडल्यावर तिनं बाकी सगळं हॉटेल विसरून टाकलं, एवढी एक कोंबडी ठेवली. आई गेली आणि कोंबडी ताईकडे आली. ताई तेव्हा कॉलेजात होती.

कोंबडी करायची म्हणजे नुसती ओव्हनमध्ये ढकलायची नाही. आदल्या दिवशी आणायची, पुसून कोरडी करायची, आतून-बाहेरून मीठ चोळून तशीच उघडी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. दुसऱ्या दिवशी कातडीखाली बोटं घालून लोणी, लसूण आणि मिरपूड सारायची. पोटात अर्धं लिंबू. पाय दोऱ्यानं बांधायचे. ताई त्याला दुकानातला जाड सुती दोरा वापरायची. लोखंडी ट्रेमध्ये तळाला कांद्याचे जाड काप, त्यावर कोंबडी. आधी ओव्हन कडक, मग मध्यम. मांडीला टोचलं की पाणी स्वच्छ आलं पाहिजे, लालसर नाही. इथपर्यंत कोणीही करील. खरी गंमत नंतर. कोंबडी उचलली की ट्रेच्या तळाला जे काळपट, तपकिरी, चिकट उरतं ना, ती खरवड, तिथे सगळी चव जाऊन बसलेली असते. वरची चरबी ओतून द्यायची, ट्रे तसाच शेगडीवर चढवायचा आणि तापला की त्यात पांढरी वाइन ओतायची. चर्रर्र असा काही आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग लाकडी चमच्यानं खरवड सोडवत राहायचं, मानेच्या हाडांचं पाणी घालायचं, आटवायचं, शेवटी लोण्याचा गोळा. झाला सॉस. पण हे सगळं कोंबडी ट्रेमधून निघाल्यावरच करता येतं, आधी नाही. म्हणजे ज्यानं रांधलं तो जेवायला सगळ्यात शेवटी.

निदान या घरात तरी तसंच ठरून गेलं होतं. कोंबडी बाहेर पडली रे पडली की भाऊ सुरी घेऊन दारात हजर. "दे इकडे, गरम गरम कापतो. तू सॉस घेऊन ये मागनं." भाऊ ताईपेक्षा लहान. जागा भाड्यानं मिळवून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला, बोलायला मोठा गोड. सोय हा त्याचा आवडता शब्द. कोंबडी घेऊन तो टेबलाकडे जायचा, आणि वहिनी उठून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या, कारण वाफेनं त्यांना खोकला यायचा. दाराआड ताई आणि चर्रर्र. दाराबाहेर अप्पा, भाऊ, वहिनी, धाकटी बहीण आणि जावई. भाऊ मध्येच एकदा आत डोकवायचा, मीठ नाहीतर पाण्याचा जग घेऊन जायचा. आणि ताई सॉस घेऊन बाहेर येईपर्यंत कोंबडीचा फडशा पडलेला असायचा. तिच्या खुर्चीवर बायकांच्या पर्सा ठेवलेल्या, त्या ती उचलून खाली ठेवायची आणि बसायची. मग भाऊ बोटं पुसत म्हणायचा, "ताई, ठरलं बरं का."

काय ठरलं? ते दर वेळी निराळं. पहिल्यांदा ठरलं ते तिचं कॉलेज. आई जाऊन महिना झाला होता, ताई पहिल्यांदाच कोंबडी करत होती, धुरानं डोळ्यांतून पाणी काढत सॉस ढवळत होती. बाहेर आली तर ठरलं बरं का, तू यंदा कॉलेज सोड, एक वर्षच, अप्पांना दुकानात हात हवाय. ते एक वर्ष अजून संपायचंय. पुढे ठरलं की अप्पांजवळ ताईच राहील, कारण भाऊच्या नव्या घराला जिना फार. (आणि इथे काय लिफ्ट होती? इथला जिना तर सरळ उभा!) धाकटीच्या बाळंतपणाला ताई जाईल. भाऊचं जुनं कपाट ताईच्या खोलीत राहील. धाकटीच्या लेकीला सुट्टीत ताई सांभाळील. ठरलं, ठरलं, ठरलं. कधी म्हणून कोणी असं म्हणालं नाही की थांबा, ती येऊ दे.

तुम्ही म्हणाल, ताईनं तरी का ऐकून घेतलं? तोंड नव्हतं तिला? होतं की. पण भाऊ दर वेळी पुढे जोडायचा, "अप्पाही हो म्हणालेत." आणि अप्पा समोर हाड चोखत मान डोलवायचे. अप्पांच्या शब्दापुढे जायचं नाही हे ताईच्या हाडीमाशी भिनलेलं. बाप हो म्हणाला, मग आपण कशाला तोंड वाजवायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो मार ती सॉस वाढता वाढता खात होती.

टेपवाला येऊन गेला त्याच आठवड्यात खाणावळवाली बाई मशीन घेऊन आली. टेबलावरची कापडं तीच शिवायची. टाके सुटत होते. ताई बॉबिनचा पेच आवळत होती आणि डोक्यात एकच चक्र, येत्या रविवारी दुकान ठरणार. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आमची कोंबडी हल्ली कोरडी होते हो. छातीकडचं मांस तर चोथा."

"कापता कधी?" खाणावळवालीनं विचारलं.

"काढली की लगेच. गरम गरम."

"अहो, मग रस सगळा पाटावर सांडणार नाही तर काय! विसावू द्यायची तिला. तुम्ही सॉस करता ना? तो होईपर्यंत झाकून ठेवायची नुसती. सॉस झाला की कापायची, दोन्ही एकदम टेबलावर. आमच्याकडे तर सॉस व्हायच्या आधी सुरीला हात लावलेला चालत नाही."

ताईचा पेचकस तिथेच थांबला. आणि तिला आई आठवली. आईसुद्धा कोंबडी झाकून ठेवायची! झाकून, सॉस करून, मग सगळं घेऊन बाहेर यायची आणि सगळ्यांबरोबर बसायची. आईशिवाय कोणी सुरुवात केल्याचं ताईला आठवेना. पहिल्यांदा घाई केली ती भाऊनं, आईनंतरच्या त्या पहिल्या रविवारी. तेव्हा ते भुकेलं पोरगं होतं, हातात सुरी घेऊन उभं राहिलं, आणि ताईनं दिली. मग ती पद्धतच पडली.

म्हणजे इतकी वर्षं काय चाललं होतं? सॉस होईपर्यंत थांबले असते तर कोंबडी बरी झाली असती. ताईही टेबलावर असती. कोणाचं काही वाया जात नव्हतं, जेवण काही पळून जात नव्हतं. घाईची गरजच नव्हती! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाणावळवालीला वाटलं मशीन फार बिघडलंय. तिनं घाबरून विचारलं, "होईल ना दुरुस्त?"

"होईल," ताई म्हणाली. "या रविवारीच करते."

"रविवारी? अहो, मला उद्या हवंय."

"तुमचं आत्ता करून देते," ताई म्हणाली, आणि दिलंही.

शनिवारी तिनं कोंबडी आणली, नेहमीपेक्षा मोठी. मीठ चोळलं. मग खाली दुकानात गेली आणि गंजलेले स्क्रू तापवायची छोटी गॅसची शेगडी वर आणली. घासून घासून लखलखीत केली. अप्पा बघत होते. "वरची शेगडी बिघडली का गं?"

"नाही. उद्या दोन लागतील."

अप्पांनी आणखी काही विचारलं नाही. या बापलेकीत मशीन सोडून बोलणं कमीच होतं, का कमी होतं ते पुढे येईलच.

रविवारी सगळे जमले. जावई वाइनची बाटली घेऊन आले. पेलाभर ट्रेमध्ये आणि बाकीची टेबलावरच्या पेल्यांत, अशी वाटणी नेहमीची. ताईनं बाटली उघडून आत ठेवून घेतली. कोंबडी सोनेरी झाली, वास जिन्यापर्यंत गेला. ताईनं ती उचलून मोठ्या ताटात ठेवली आणि वर पातेलं पालथं घातलं. भाऊ सुरी घेऊन दारात हजर.

"दे."

"विसावतेय."

"कोण?"

"कोंबडी."

भाऊच्या मागून जावई हसले. त्यांची मोटार शिकवायची शाळा, हसणं रस्त्याच्या पार टोकाला ऐकू जाणारं. "मेलेली कोंबडी कसली विसावतेय ताई!"

"मेल्यावर तरी विसावू द्या बिचारीला. जिवंतपणी नसेल मिळालं."

जावयांचं हसणं अर्ध्यावर राहिलं. भाऊ म्हणाला, "बरं, बरं. आम्ही बसतो तोवर," आणि वहिनी दार लावायला उठल्या. ताई म्हणाली, "दार राहू दे." आणि एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात लाकडी पाट घेऊन ती बाहेर आली. पाट टेबलाच्या मधोमध ठेवला, पाटावर शेगडी. परत आत जाऊन तो खरवडीचा ट्रे फडक्यानं धरून आणला आणि शेगडीवर चढवला. मग बाटली, हाडांचं पाणी, लोणी, चमचा.

"अहो ताई, हे काय! टेबलक्लॉथ!" वहिनी ओरडल्या.

"धुणारी मीच आहे."

"ताई, मला खोकला…"

"खोक. खिडकी उघडी आहे."

खुर्चीवरच्या पर्सा तिनं उचलल्या, एक वहिनींच्या मांडीवर ठेवली, एक धाकटीच्या, आणि बसली. काडी ओढली. एवढी माणसं रिकाम्या थाळ्या पुढ्यात घेऊन एका ट्रेकडे बघत बसली होती.

"हं," ताई म्हणाली. "बोला. एरवी सॉस होईपर्यंत बोलता ना? आज मीही आहे."

भाऊ हसला, तसलं ऑफिसातलं हसू. "अगं, काही नाही. जेवल्यावर निवांत बोलू."

"जेवल्यावर ठरलेलं असतं. आत्ता बोल. टेपवाला माणूस कोणी पाठवला?"

धाकटी एकदम म्हणाली, "कसला टेपवाला?" म्हणजे हिलाही धड माहीत नव्हतं. भाऊनं खाकरून घसा साफ केला. "हे बघ ताई, शांतपणे ऐक. दुकान आता जुनं झालं. मोबाइलवाले जागा मागताहेत. अप्पा पाळीपाळीनं आमच्याकडे राहतील. आणि तू धाकटीकडे जाशील, लेकराला बघायला घरचं माणूस. सगळ्यांच्या सोयीचं…"

ताईनं वाइन ओतली. चर्रर्रर्र! वाफेचा लोट उठला, भाऊचं उरलेलं वाक्य त्यात गेलं. वाइनचा आंबूस वास सगळ्यांच्या नाकात शिरला. ताई चमच्यानं खरवड सोडवत होती.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, सगळ्यांच्या सोयी…"

चर्रर्र! पुन्हा थोडी. जावई खिडकीकडे तोंड करून हसू दाबायला लागले. भाऊ आता चिडला. "पोरखेळ लावलाय का? अप्पांनी होकार दिलाय! जागा अप्पांची आहे!"

झालं. तोच हुकमाचा पत्ता. इतकी वर्षं याच एका पत्त्यावर ताई मुकाट खाली मान घालत आली होती. आज तिनं चमचा ट्रेवर आडवा ठेवला आणि बापाकडे वळली. असं समोरासमोर तिनं अप्पांना कधी विचारलंच नव्हतं. "अप्पा, तुम्ही हो म्हणालात? माझं दुकान मोबाइलवाल्याला द्यायला?"

अप्पा गोंधळले. थरथरते हात त्यांनी टेबलाखाली नेले. "मी… हो, म्हणालो. पण तूच म्हणालीस ना?"

"मी?"

"मागच्या महिन्याच्या रविवारी. भाऊ आत येऊन तुला विचारून गेला. बाहेर येऊन म्हणाला, ताई म्हणतेय डोळे दुखतात, मशीनचा कंटाळा आलाय. मग मी हो म्हटलं. नाहीतर मला कुठे जायचंय? दाराशी बसतो, चार माणसं येतात, बरं वाटतं. पण पोरीला कंटाळा आलाय तर मी कशाला आडवा येऊ?"

मागच्या महिन्याच्या रविवारी भाऊ आत आला होता, खरंय. मिठाची वाटी घेऊन गेला होता. मिठाशिवाय एक शब्द बोलला नव्हता, आणि त्या दिवशी जेवताना 'ठरलं बरं का'ही म्हणाला नव्हता.

"मी असं काही म्हणाले नाही, अप्पा."

"नाही म्हणालीस?" म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू, जणू अंधारात हातानं चाचपडत जावं तसा आठवणीत मागे मागे जायला लागला. "पण दर वेळी तूच तर… कॉलेज सोडते असं तूच म्हणालीस. मी तर दुकानात गडी ठेवणार होतो. आणि त्या नकाशे काढणाऱ्या मुलालाही तूच नको म्हणालीस ना?"

आता या नकाशे काढणाऱ्या मुलाबद्दल ताईला काय वाटत होतं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही इतका वेळ सांगितलं नाही. तो सरकारी ऑफिसात जमिनींचे नकाशे काढायचा. त्याच्या आईचं मशीन दुरुस्तीला घेऊन आला आणि मग मशीन बिघडायचं काही थांबेना. सुई त्यानंच वाकडी करून आणलेली ताईनं ओळखली होती. ओळखून काही बोलली नव्हती. मग त्याच्या घरून रीतसर विचारणा आली, आणि तिचं उत्तर त्या महिन्याच्या रविवारी ठरलं, सॉस होईपर्यंत. ताई बाहेर आली तेव्हा भाऊ हळू आवाजात म्हणाला, "अप्पांना पटत नाहीये. नाही कळवतोय. तू आता अप्पांकडे विषय काढू नकोस, त्यांना त्रास होतो." ताईनं विषय काढला नाही. विषयच काय, अप्पांशी कामापलीकडे बोलणंच टाकलं. बापाला वाटलं पोरीचा स्वभाव तुसडा झाला. पोरीला वाटलं बापाला आपली पडलेली नाही. आणि दोघं एकाच दुकानात, हाताच्या अंतरावर बसून, वर्षानुवर्षं एकमेकांना मशीनचे पट्टे देत-घेत राहिले. काय म्हणायचं याला, सांगा! चोरानं घर लुटलं तर निदान दार फुटलेलं दिसतं तरी.

ताई भाऊकडे वळली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "का रे?"

भाऊनं इकडेतिकडे बघितलं. वहिनी टेबलक्लॉथची किनार बघत होत्या. कोणी मदतीला येत नाही म्हटल्यावर तो उखडला. "का म्हणजे? तुला विचारून काय फरक पडला असता? तू लग्न करून गेली असतीस तर अप्पांना कोणी बघितलं असतं? मी? माझी तेव्हा नोकरी नवी होती. धाकटी शिकत होती. कोणीतरी थांबायलाच हवं होतं ना घरात!"

"हवं होतं," ताई म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, खाली दुकानात चढतो तसा. "हवं होतं ना? मग मला सांगायचंस! येऊन सांगायचंस की ताई, तू थांब, आम्हाला गरज आहे. मी थांबले असते की नसते ते मी बघितलं असतं. आतून मीठ घेऊन जायचं आणि बाहेर जाऊन माझ्या तोंडी शब्द घालायचे? आणि मला सांगायचं अप्पा नको म्हणतात? लाज नाही वाटली? माझ्या बापाला माझा वैरी करून ठेवलास! आणि त्यानंतर दर महिन्याला येऊन माझ्याच हातची कोंबडी खात बसलास!"

ट्रेमध्ये सॉस उकळून दाटत चालला होता. ताईनं गॅस बारीक केला, हाडांचं पाणी घातलं. रागातही हात आपलं काम सोडत नव्हते, सवयच ती. चमचा तळाशी फिरवून बघितला. खरवड सगळी सुटली होती.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारलं म्हणून सांगत आलास ते. इथे, सगळ्यांसमोर. विचार."

"ताई, उगाच आता…"

"विचार, नाहीतर ही कोंबडी मी आणि अप्पा खाऊ, तुम्ही निघा."

भाऊ ताटाकडे बघत पुटपुटला, "दुकान द्यायचं का?"

"ऐकू आलं नाही अप्पांना."

"ताई, दुकान द्यायचं का?"

"नाही. मी दुकान देणार नाही. मी धाकटीकडे जाणार नाही. तिच्या लेकीला मी सांभाळते ते मला आवडतं म्हणून. त्यापुढेही ती आली तर येईल, मी म्हणेन तेव्हा."

"नाही तर नाही," अप्पा म्हणाले. मग भाऊकडे बघून एवढंच म्हणाले, "त्या टेपवाल्याला सांग आणि मोकळा हो." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात स्थिर राहत नव्हते. ताईनं आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले. असं तिनं कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघंही अवघडले.

मग तिनं सॉसमध्ये लोणी सोडलं, गॅस बंद केला, आतून कोंबडी आणली. पातेलं उचललं. सुरी भाऊच्या हाताजवळ होती, ती तिनं उचलून घेतली. मांडी सांध्यातून अलगद सुटली, ताटात रस सांडला नाही. पहिला छातीचा तुकडा तिनं अप्पांच्या थाळीत वाढला आणि वर सॉस घातला. दुसरा स्वतःच्या. मग बाकीच्यांच्या, भाऊच्यासुद्धा. सगळे खाली माना घालून बसले होते.

धाकटी मात्र ताईकडे बघत होती. ती तेव्हा शाळेत होती, तिला तो नकाशेवाला अंधुक आठवत होता. भाऊनं डोळ्यांनी तिला गप्प राहायला खुणावलं, पण तिनं विचारलंच.

"ताई, त्या वेळी खरंच कोणी तुला विचारलं असतं तर?"

ताईनं हातातला चमचा खाली ठेवला. "तर?" ती म्हणाली. "एका पायावर हो म्हणाले असते."